हिरवा ठिपका माझ्या माळेसाठी, लेकीसाठी नाही

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. पाच रुपयांचं पाकीट उजेडाकडं धरून मी एवढं काय वाचतो, असं विचारणारे माझ्या गळ्यातली माळ बघून बहुतेक वेळा उत्तरही स्वतःच देतात. "माळकरी आहेत, अंड्याबिंड्याचं बघत असतील." आणि मग, "हिरवा ठिपका आहे की, घ्या बिनधास्त."

हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका म्हणजे आत मांस, मासे, अंडं नाही. दूध मात्र त्या नियमात शाकाहारी धरलेलं आहे. आणि माझ्या लेकीला दुधाचीच ॲलर्जी आहे. जो ठिपका मला सांभाळतो, तो तिच्याबद्दल काहीच सांगत नाही.

"पचत नसेल, ताक देऊन बघा," असं कृपा करून म्हणू नका. काहींना पचत नाही ती दुधातली साखर, त्यानं पोट बिघडतं. हिचं शरीर दुधातल्या प्रथिनांवर उठतं. त्यातलं केसीन दूध उकळल्यानं जात नाही. ते ताकात असतं, पेढ्यात असतं आणि चिप्सवर भुरभुरलेल्या मसाल्यातही असू शकतं. पाकिटावर त्याचं नाव मिल्क सॉलिड्स, चीज पावडर, सोडियम केसिनेट असं काहीही असतं. 2020च्या नियमांनुसार दूध, अंडी, मासे, शेंगदाणे, सोयाबीन असलं की तसं वेगळं लिहावं लागतं. पण ते इंग्रजीत किंवा हिंदीत लिहिलं तरी चालतं, आणि तेही मुंगीएवढ्या अक्षरात. माझ्या आईनं ते कसं वाचायचं?

माळेसाठी वाचायची पाळी येते ती 631 या आकड्यासाठी. चव वाढवणारा हा पदार्थ मासे-मांसापासूनही होतो आणि वनस्पतींपासूनही. डिसेंबर 2021मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं अशा घटकांचा उगम स्पष्ट लिहायला सांगितलं होतं. पण ती काळजी माझी. तिनं माझा श्वास अडकत नाही.

आता जे आजवर कुणाला सांगितलं नाही ते. मी पाकीट माळेसाठी वाचतो, ही लोकांची समजूत मीच करून दिली. ॲलर्जी म्हटलं की वाद सुरू होतो. एका घासानं काय होतंय, लेकरू नाजूक करून ठेवलंय तुम्ही. माळ म्हटलं की पुढं आलेला हात लगेच मागं जातो. मला ते सोपं पडायचं.

लेक पाच वर्षांची होती. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघं परभणीहून जिंतूरच्या गाडीत बसलो. शेजारी एक म्हाताऱ्या मावशी. त्यांनी पिशवीतून पाकीट काढलं तसं मी सवयीनं म्हणालो, "नको मावशी, माळ आहे. आमच्यात बाहेरचं चालत नाही." त्यांनी ते ठेवून दिलं. पुढं कंडक्टरकडून सुटे पैसे घ्यायला मी उठलो, गर्दीतून परत यायला चार-पाच मिनिटं लागली. आलो तर लेक बोटं चाटत होती. बोटांवर पांढरी पावडर, त्यात कोथिंबिरीसारखे हिरवे कण. मावशींनी पाकीट वळवून मला ठिपका दाखवला. "बघूनच देलं वो दादा. माळेला काही नाही ह्यात."

ओठाभोवती गांधी उठल्या. मी पिशवीतलं सिरप पाजलं आणि वाट बघत बसलो. ती माझी दुसरी चूक. मग ती खोकायला लागली, आवाज घोगरा झाला, "बाबा" म्हणताना तिच्या तोंडून नुसती हवा आली. ड्रायव्हरनं मध्ये कुठंही न थांबवता गाडी बोरीत दवाखान्यासमोर नेली. डॉक्टरांनी मांडीत ॲड्रेनॅलिन टोचलं. मग मला म्हणाले, सिरपनं खाज जाते, गळा मोकळा होत नाही.

गाडी निघून गेली, पण मावशी उतरून आमच्यासोबत बसल्या. पदर तोंडाला लावून एकच म्हणत होत्या, "म्या ठिपका बघितला होता वो." त्यांनी मी सांगितलं तेवढं सगळं पाळलं होतं. मी त्यांना असू द्या, असू द्या म्हणत राहिलो. चूक माझ्या बोलण्याची होती, हे तेवढं म्हणालो नाही. त्या कुठल्या गावच्या, तेही विचारलं नाही.

तेव्हाचा मी अजून भांडतो माझ्याशी. अनोळखी बाईला धावत्या गाडीत काय काय समजावणार होतो? मी म्हणतो, चार शब्द होते. दूध चालत नाही हिला. तो म्हणतो, त्यांनी ऐकलं असतं कशावरून? यावर माझ्याकडं उत्तर नाही. खरंच, कितीतरी जण ऐकत नाहीत.

आता ती नऊ वर्षांची आहे, पाकीट स्वतः वाचते. इंजेक्शन माझ्या पिशवीत असतं, ते कसं टोचायचं हे मी शिकलोय. तरी गेल्या महिन्यात सेलूला लग्नात सोयरे आइस्क्रीमची वाटी घेऊन आले, खूप आग्रह केला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अंडं असतंय म्हणे त्यात, माळ आहे."

"बिनअंड्याचं आहे, पाव्हणं," म्हणत त्यांनी वाटी तिच्यासमोर ठेवली. तिनं माझ्याकडं बघितलं आणि वाटी हातानं लांब सारली.