तुम्ही विचारलंत म्हणून: एपिसेंटर

एपिसेंटर, म्हणजे जमिनीखाली भूकंप जिथं सुरू होतो त्याच्या बरोबर वरचा जमिनीवरचा बिंदू, हा शब्द म्हणायचा कसा, असं तुम्ही विचारलंत. औसा तालुक्यात भूगोल शिकवतो, त्यामुळे सप्टेंबर संपत आला की हा प्रश्न येतोच. किल्लारीच्या भूकंपाच्या स्मरणदिनाला भाषण करणारं एखादं लेकरू दारात उभं राहतं, "सर, इपिसेंटर म्हणू का एपीसेंटर? अन् जोर कुठं देऊ?"

जोर पहिल्या अक्षरावर. ए-पि-सें-टर. मी बाकावर थाप मारून दाखवतो: 'ए'ला जोरात, 'सें'ला हलकी, 'पि' आणि 'टर' नुसते निसटून जातात. आपण मराठीत सगळी अक्षरं जवळपास सारख्या मापानं बोलतो, म्हणून घोटाळा होतो. सिस्मॉलॉजी (भूकंपशास्त्र) या शब्दात तर उच्चारच 'साइझ्‌मॉलजी' असा आहे. त्यातला झ 'माझा'तला, 'माझी'तला नाही. सिस्मोग्राफ (भूकंप नोंदवणारं यंत्र) म्हणताना जोर पहिल्या अक्षरावर असतो, सिस्मॉलॉजी म्हटलं की तो सरकून 'मॉ'वर जातो. ग्रीकमध्ये सिस्मॉस म्हणजे हादरा.

पण माझा जीव अडकलाय तो एपिसेंटरमध्ये. ग्रीकमध्ये एपि म्हणजे वर. केंट्रॉन म्हणजे बैलाला टोचायच्या काठीचं अणकुचीदार टोक, आपल्या पराणीची आर! पुढं कर्कटकाचं कागदात रुतणारं टोकही केंट्रॉन झालं, आणि मग वर्तुळाचा मधला बिंदू. हाच शब्द जुन्या काळी ज्योतिषाच्या ग्रंथांतून संस्कृतात आला आणि 'केंद्र' झाला. परीक्षा केंद्र, आरोग्य केंद्र म्हणताना आपण रोज ग्रीक बोलतो. पाठ्यपुस्तकातला 'अपिकेंद्र' बघा. त्यातला संस्कृत 'अपि' ग्रीक 'एपि'चा सख्खा भाऊ, तर 'केंद्र' तिकडून आलेला पाहुणा.

घरची जुनी पराणी मी वर्गात नेतो. वह्यांची चळत रचतो, मधल्या एका पानावर पेन्सिलीनं ठिपका देतो. ती भूकंपाची नाभी, जिथं खडक सरकला. मग बरोबर त्याच्यावर, सगळ्यात वरच्या पुठ्ठ्यावर आर टेकवतो. पुठ्ठ्याला बारीक भोक पडतं. ते एपिसेंटर. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली तेव्हा नाभी फार खोल नव्हती, आणि वर होती माळवदाची घरं, दगडमातीच्या रुंद भिंती. विसर्जनाच्या रात्री दमून झोपलेली हजारो माणसं त्याखाली गेली. मी तेव्हा आठवीत होतो. रेडिओवर 'केंद्रबिंदू' ऐकला आणि मला वाटलं, एवढ्या मोठ्या हादऱ्याचा बिंदू कसा असेल? त्याचं उत्तर मला पुढं या पराणीनं दिलं.

मागच्या वर्षी भोकावर बोट ठेवून एका मुलीनं विचारलं, "सर, मग मी अपिकेंद्रच म्हणू का?"

म्हण की. मुलाखतीत इंग्रजी बोलशील तेव्हा 'ए'वर थाप दे. मराठीत अपिकेंद्र म्हणताना वजन आपोआप 'कें'वर पडतं, त्याला थाप लागत नाही.