वलांडीपासून पाकिटापर्यंत : आमची वाटचाल

पाऊस सरला की भाईंदरजवळच्या उत्तनच्या किनाऱ्यावर बांबूच्या वलांड्या, म्हणजे दोऱ्या ताणलेले वाळवणाचे मांडव, उभ्या राहतात आणि त्यांवर बोंबील वाळू लागतो. आमचा सुक्या मासळीचा धंदा याच वलांड्यांवर उभा आहे. डोल जाळ्यात, म्हणजे समुद्रात रोवून ठेवलेल्या पिशवीसारख्या जाळ्यात, बोंबील आणि जवळा (बारीक कोळंबी) रास पडेल इतका येतो. ओला बोंबील नुसता पाण्याचा. काही तासांतच मऊ पडतो. ओल्या बाजारात जे खपत नाही ते वाळवावंच लागतं. वलांडी गेली तर डोल लावणाऱ्याचं निम्मं म्हावरं मातीमोल होईल. म्हणून वाळवणाला चांगला भाव मिळवून देणं, हेच आम्ही वारसा जपण्याचं पहिलं काम मानलं.

सुरुवातीला माल गोणीत भरून मुंबईतल्या मरोळच्या सुक्या मासळीच्या बाजारात जायचा. चोख काय, रेती चिकटलेला काय, सगळ्याला एकच भाव. तो बदलायचा तर दोरीपासूनच लक्ष घालायला हवं होतं.

बोंबील टांगणं हे बायकांच्या हातचं कसब आहे. मासा स्वच्छ धुवायचा, सारख्या आकाराचे दोन घ्यायचे आणि एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा. दात आत वळलेले असतात, त्यामुळे पकड सुटत नाही. ही जोडी दोरीवर टाकली की एक मासा अलीकडे लोंबतो, एक पलीकडे. जोडीत लहान-मोठा झाला तर जड मासा हलक्याला ओढतो आणि दोन्ही वाळूत पडतात. जोड्या एकमेकींना चिकटल्या तर मधे वारा खेळत नाही; तिथेच वास धरतो. ऊन-वारा चांगला असेल तर ३ ते ४ दिवस पुरतात. डोक्याजवळचा भाग सगळ्यात उशिरा वाळतो, म्हणून आम्ही तिथेच वाकवून पाहतो. कटकन मोडला तरच माल उतरवायचा. ७-८ किलो ओल्या बोंबलातून जेमतेम १ किलो सुका मिळतो. भावाची घासाघीस करणाऱ्याने एवढं ध्यानात ठेवावं.

जवळ्याचं तंत्र वेगळं. तो वाळूवर कधीच नको. दाताखाली कचकच आली की गिऱ्हाईक परत येत नाही. बारीक जाळी अंथरून त्यावर पातळ पसरायचा आणि वरखाली करत राहायचा. थर जाड झाला की खालचा जवळा काळा पडतो.

पाकिटांनी आम्हाला बरंच शिकवलं. उन्हातून काढलेला गरम माल थेट भरला की पाकिटाला आतून घाम फुटतो आणि बुरशी येते. आता माल सावलीत पूर्ण निवू देतो, मगच सील करतो. हवा काढलेल्या पिशव्यांना बोंबलाचे दात भोकं पाडत. म्हणून डोकं-शेपूट कापून, जाड पिशवीत २०० ग्रॅम भरतो. अवकाळी पावसासाठी सोलर ड्रायर घेतला, पण त्यात आच ५० अंशांवर गेली की बोंबील शिजल्यासारखा होतो, वरून कडक आणि आत ओला. तेव्हा झडपा उघड्या ठेवून ४५ अंशांच्या आसपास राखतो. तरी वाऱ्यावर वाळलेल्या बोंबलाची चव त्याला नाही, हे आमचं ठाम मत.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे मे महिन्यात आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीची, खरेदी जोरात असते. साठवणीच्या मालाला त्याआधी पुन्हा एक कडक ऊन दाखवतो, नाहीतर कीड लागते.

आता प्रतवारीत तीन दर्जे आहेत : मोठा पांढरा बोंबील, मध्यम, आणि तुकडा. पावसाने पिवळा पडलेला माल पाकिटात जात नाही. जोड्या लावणाऱ्या बायकांना रोजाऐवजी चोख उतरलेल्या मालाच्या किलोवर पैसे देतो. त्यामुळे सारखी जोडी शोधायला लागणारा वेळ त्यांना परवडतो.