प्रत्येकाशी

स्मरणिकेसाठी लिहा असा शाळेच्या महोत्सव समितीचा निरोप मिळाला तेव्हा मी मुक्कामी गाडीवर होतो. देवळासमोर गाडी लावली, दिवसभराचा हिशेब जुळवला आणि ओसरीवर बसून हे लिहायला घेतलं. आपल्या शाळेतून डॉक्टर, वकील, मोठे अधिकारी झाले; त्यांचे लेख या स्मरणिकेत असतीलच. मी एसटीत कंडक्टर आहे, २४ वर्षं झाली. पाचवी ब च्या आमच्या बाईंबद्दल मात्र मलाच लिहायचं होतं. त्यांनी शिकवलेलं माझ्या कामात रोज उपयोगी पडतं, आणि ते त्यांना कधी सांगायचं राहून गेलं. त्यांचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव छापलेलं त्यांना आवडलं नसतं, आणि आमच्या वेळच्या पोरांना 'पाचवी ब च्या बाई' एवढं पुरे आहे.

मी १९८६ च्या जूनमध्ये आपल्या हायस्कुलात आलो. शाळा तेव्हा अकरा वर्षांची होती. वर्गावर पत्रा, खाली बसकरपट्ट्या, आणि पावसाची मोठी सर आली की शिकवणं बंद, कारण ऐकूच यायचं नाही. बाई मराठी शिकवायच्या. नीट बोलावं, गोड बोलावं, मोठ्यांचा मान ठेवावा हे आम्हाला घरी-दारी सगळेच सांगायचे. म्हणजे कसं, ते कोणी दाखवत नव्हतं. बाई दाखवायच्या.

एका तासाला त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'पाणी आण.' म्हणाल्या, "हेच दुसऱ्या तऱ्हेनं कोण म्हणतो?" एकेक वाक्य येत गेलं. पाणी आण की. पाणी आणतोस का? जरा पाणी देतोस? तहान लागलीय बघ. बाईंनी प्रत्येक वाक्य एकेकाला मोठ्यानं म्हणायला लावलं आणि वर्गाला विचारलं, "यातलं कुठलं ऐकून पाय आपोआप उचलतील?" सगळ्यात जास्त हात 'आण की' ला वर झाले. मग त्या सांगत बसल्या. 'कृपया' हा शब्द पाटीवर शोभतो, पण आईला कोणी 'कृपया भाकरी वाढ' म्हणत नाही. आपली नम्रता 'जरा' मध्ये असते, 'का' मध्ये असते, 'बरं का' मध्ये असते, आणि तुमच्या या कृष्णाकाठच्या 'की' मध्ये तर पुरेपूर असते. बसा की. जेवा की. ऱ्हावा की आज. आमच्या भाषेला रांगडी म्हणून नावं ठेवणारे आम्ही पुष्कळ ऐकले होते. तिच्यात माया कुठे राहते, ते बोट ठेवून दाखवणारं माणूस पहिल्यांदाच भेटलं. 'न्हाई' चं 'नाही' त्यांनी वहीत करायला लावलं, तोंडात कधीच नाही.

घरातून निघताना 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावं. बांगडी फुटली म्हणू नये, वाढवली म्हणावं. दिवा विझवू नये, मालवावा. हे सगळं आजी सांगायचीच. बाई म्हणाल्या, समोरच्याच्या काळजाला शब्द लागू नये म्हणून आधीच्या माणसांनी ही वाट शोधून ठेवली आहे. तेव्हापासून आजीचं बोलणं मी निराळ्या कानानं ऐकायला लागलो.

शाळेचे शिपाईमामा माझ्या वडिलांपेक्षा वयानं मोठे होते, आणि आम्ही पोरं त्यांना नावानं, एकेरीत हाक मारायचो. बाई त्यांना 'अहो मामा' म्हणायच्या. कधी टोकलं नाही आम्हाला. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत सगळा वर्ग 'मामा, टोल देताय का?' म्हणायला लागला होता.

दिवाळीनंतर साखर कारखान्याचा पट्टा, म्हणजे गाळपाचा हंगाम, सुरू झाला आणि ऊसतोडीच्या टायरगाड्या गावात आल्या. ओढ्याच्या पलीकडे पाचटाच्या कोप्या, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याच्या झोपड्या, उभ्या राहिल्या. दर वर्षी राहायच्या. त्या वर्षी त्यातली एक मुलगी आमच्या वर्गात आली. बीड जिल्ह्यातली. दाखला नव्हता; बाईंनी हेडमास्तरांना विनवून 'आधी बसू दे, दाखला मागाहून बघू' असं करून घेतलं होतं. तिचं नाव मला पाठ आहे, पण तिला न विचारता ते छापणं मला बरं वाटत नाही.

ती 'माझं' ला 'मव्हं' म्हणायची. मव्हं पुस्तक, मव्हं दप्तर. तिकडं सगळेच तसं बोलतात. मी ते पहिल्या दिवशी मधल्या सुट्टीत ऐकलं आणि वासरू हंबरावं तसा सूर लावून 'मव्हंऽऽ' करून दाखवलं. वर्ग खो खो हसला. मला फार भारी वाटलं. चार दिवसांत सगळी पोरं तिला बघितलं की हंबरायला लागली. ही सुरुवात माझी. दुसऱ्या कोणाची नाही.

ती बोलायची थांबली. आधी हजेरीला हळू का होईना 'हजर' म्हणायची. आता नुसता हात वर करायची. बाई त्या हाताकडे बघून खूण करायच्या. आठ दिवस असंच चाललं. त्या काळी असल्या गोष्टीला छडी ठरलेली असायची, आणि मी मनातून तिची वाटच बघत होतो. छडी खाल्ली असती तर हिशेब मिटला असता. हंबरणं थांबलं असतं, आणि मला त्या पोरीचा रागही आला असता. हे मी आज सांगू शकतो, तेव्हा कळत नव्हतं. बाईंना कळत होतं.

एका सकाळी परिपाठ झाल्यावर त्या वर्गात आल्या आणि फळ्यावर प्रतिज्ञेतलं एक वाक्य लिहिलं. 'मी माझ्या पालकांचा, गुरुजनांचा आणि वडीलधाऱ्या माणसांचा मान ठेवीन आणि प्रत्येकाशी सौजन्याने वागेन.' हे आम्ही रोज हात पुढं करून म्हणायचो, झोपेतसुद्धा म्हटलं असतं. बाईंनी 'प्रत्येकाशी' खाली रेघ ओढली. "प्रत्येकाशी म्हणजे कोणाकोणाशी? सांगा, मी लिहिते." आई, वडील, आजी, आजोबा, बाई, हेडमास्तर, सरपंच, पाहुणे, डॉक्टर, शिपाईमामा. तेवीस झाले. बाई खडू हातात धरून थांबल्या. "अजून?" कोणी हात वर करेना. 'तमकी राहिली' असं त्या म्हणाल्या नाहीत, त्या कोपऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. एवढंच म्हणाल्या, "उद्या सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत कोणाकोणाशी काय बोललात, ते वहीत लिहून आणा. जसं बोललात तसंच."

मी लिहिलं. आई, चहा दे. म्हातारे, सरक तिकडं. बैलाला एक शिवी. दादाला दोन. शेवटच्या ओळीला माझा हात अडला. बराच वेळ बसलो, आणि मग लिहिलं, 'कोपीवाली: मव्हं मव्हं.' ती वही अजून घरी ट्रंकेत आहे. शाई फिकी झाली, ती ओळ वाचता येते.

बाईंनी वह्या तपासल्या. माझ्या वहीवर लाल खूण नव्हती. शाळा सुटल्यावर मला थांबवलं. पोरं गेल्याची खात्री करून म्हणाल्या, "खरं लिहिलंस. बरं केलंस." मी खाली मान घालून उभा. "आता तिच्याशी काय बोलायचं ते मी सांगणार नाही. मी सांगितलं तर ते माझं बोलणं होईल." बस, एवढंच. मला घरी पाठवलं.

दोन दिवस मला काही सुचलं नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वडील म्हशीसाठी वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, आणायला कोप्यांवर निघाले, तर मी त्यांच्याबरोबर गेलो. तीन दगडांच्या चुलीपुढे ती भाकरी थापत होती. धाकटा भाऊ पाठीला चिकटून बसलेला. तिची आई फडातून नुकतीच आली होती, डोक्याचा फडका अजून सोडला नव्हता, हातावर पात्यानं कापल्याच्या बारीक रेघा. माझे वडील शाळा शिकलेले नव्हते. ते म्हणाले, "बाई, वाढ्याच्या चार पेंढ्या देताय का?" ती माउली म्हणाली, "न्या की दादा." फळ्यावरचं ते 'का' आणि ते 'की' मला तिथं, धुरात, एकमेकांना परक्या दोन माणसांच्या तोंडून ऐकू आलं.

मी चुलीपाशी गेलो. म्हणालो, "उद्या येणार हाईस न्हवं शाळंला?" तिनं भाकरी उलटली. बराच वेळानं, वर न बघता म्हणाली, "मव्हं पुस्तक फाटलंय. यानं फाडलं." मी म्हणालो, "माझ्यातलं बघू दोघं." मला त्या क्षणी हसू आलं नाही. मुद्दाम दाबलं असं नाही, आलंच नाही.

पुढच्या आठवड्यात बाईंनी एक तास नुसता शब्दांचा घेतला. एका बाजूला आमच्याकडचे शब्द, दुसऱ्या बाजूला तिच्याकडचे. माजं, मव्हं. तुजं, तुव्हं. कशाला, कामून. तिनं सांगायचं आणि बाईंनी लिहायचं. मग बाई म्हणाल्या, मराठीचे आद्यकवी म्हणून ज्यांचा मान आहे त्या मुकुंदराजांची समाधी अंबाजोगाईला आहे, आणि अंबाजोगाई हिच्या जिल्ह्यात. वर्ग वळून तिच्याकडे बघायला लागला, या वेळी वेगळ्या नजरेनं. तिला स्वतःलाही हे माहीत नव्हतं. ती लाजली आणि पहिल्यांदा दात दाखवून हसली.

प्रतिज्ञेचं ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. पुढे वाचनात आलं, की ती १९६२ साली तेलुगूत लिहिली गेली. लिहिणारे पैडिमर्री वेंकट सुब्बाराव विशाखापट्टणमला जिल्हा कोषागार अधिकारी होते. दिवसभर सरकारी पैशाचे आकडे बघणाऱ्या माणसाला 'प्रत्येकाशी' हा विचार सुचला, याचं मला, तिकिटाच्या पैशांचे आकडे जुळवणाऱ्याला, फार अप्रूप वाटतं.

माझ्या कामात 'प्रत्येकाशी' ला सुटका नाही. गाडीत जो चढला तो आपला. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांचा प्रवास मोफत झाला, १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. गर्दी वाढली, त्याचबरोबर गाडीत एक शब्द फिरायला लागला, 'फुकट'. फुकटचे म्हातारे, फुकटची गर्दी. कधी प्रवासी म्हणतात, कधी आमच्यातलेही. खांबाला धरून उभ्या असलेल्या आजीचा चेहरा तो शब्द ऐकून कसा होतो, ते मी जवळून बघतो. पाचवीत असाच एक चेहरा बघितलेला आहे. म्हणून माझ्या गाडीत तो शब्द मी येऊ देत नाही. मी म्हणतो, "आजी, कार्ड दाखवताय का जरा? हे घ्या तुमचं तिकीट, नीट ठेवा." त्यावर शून्य रुपये छापलेले असतात, पण ते तिकीटच असतं. आजी ते कनवटीला खोचते. कोणी 'फुकट' म्हणालंच तर मी म्हणतो, "दादा, त्यांना बसायला जागा देता का?" बहुतेक वेळा माणूस उठतो. त्या 'का' मध्ये अजून जीव आहे.

आज शाळेच्या भिंतीवर सुंदर अक्षरांत सुविचार रंगवले आहेत. गेल्या महिन्यात येऊन बघून गेलो, छान वाटलं. माझी नव्या शिक्षकांना एक विनंती आहे. वर्षातून एकदा तरी पोरांना तो 'कोणाशी काय बोललो' चा कागद लिहायला लावा, आणि वाचून तो वर्गासमोर उघडा करू नका.

एक गोष्ट सांगायचीच राहिली, आणि ती सांगताना जड जातं. फाल्गुनात पट्टा पडला. एका सकाळी ओढ्यापलीकडे नुसत्या चुलींचे काळे दगड उरले. ती आम्हाला सांगून गेली नाही. तिलाही रात्रीच कळलं असेल. दाखला शेवटपर्यंत आला नाही. पुढच्या हंगामात टायरगाड्या आल्या तेव्हा मी कोप्यांवर जाऊन विचारलं. ती टोळी दुसऱ्या कारखान्याकडे वळली होती. नीट बोलायला आम्ही शिकलो ते तिच्या जिवावर, आणि शाळा मात्र तिची सुटली.

उशिरा आल्यामुळे तिचं नाव हजेरीत सगळ्यात शेवटी होतं. वार्षिक परीक्षेपर्यंत बाईंनी ते कमी केलं नाही. रोज सकाळी सगळ्यांची नावं झाली की त्या तिचं नाव, आडनावासकट पूर्ण घ्यायच्या आणि मान वर करून दाराकडे बघायच्या. वर्गात तेवढा वेळ कोणी हलायचं नाही. मगच बाई हजेरीपुस्तक मिटायच्या.