आजची ५८वी वेळ

आज लेकाला ५८व्यांदा रक्त चढवलं. आठ महिन्यांचा असल्यापासून दर तीन आठवड्यांनी जातो आम्ही. थॅलेसेमिया मेजर, म्हणजे शरीरात पुरेसं निरोगी रक्त तयारच होत नाही, असा जन्मजात आजार. आता चार वर्षांचा आहे.

कालच मला कळलं होतं. जिना चढताना मध्येच बसला, म्हणाला, "आई, उचल." सकाळी हिमोग्लोबिन ९.२.

शीर दोनदा सापडली नाही. तिसऱ्यांदा त्यानेच डावा हात पुढे केला, "मावशी, हा घ्या, तो दुखतोय." मी खिडकीकडे बघत राहिले.

पिशवी लागल्यावर विचारतो, "हे कुणाचं रक्त?"
"एका काकांचं."
"मग त्यांना कमी नाही ना पडणार?"

त्या काकांना आम्ही कधीच भेटणार नाही. मे महिन्यात कॉलेजं बंद, माणसं गावाला, रक्तदान कमी होतं. तेव्हा आम्ही फोन करत फिरतो. कृपा करून सुट्टीतही रक्त द्या.

आणि एक. लग्न ठरताना आमचे ३६ पैकी २८ गुण जुळले. रक्त कुणी तपासलंच नाही. आम्ही दोघंही वाहक, म्हणजे आजार नाही पण तो बाळाकडे जाऊ शकतो. दोघंही ठणठणीत, कळणार कसं? दोघं वाहक असले की प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के. वाहक आहोत का ते कळायला हिमोग्लोबिन ए-टूची एक रक्ततपासणी असते. लग्नाआधी करा, निदान दिवस राहिल्यावर लगेच तरी.

उद्या पहाटे पुन्हा लोह उतरवायची गोळी पाण्यात विरघळवायची, उपाशीपोटी. रक्ताबरोबर येणारं लोह साचतं ना.

संध्याकाळी मात्र दोन मजले धावत चढला. आता झोपलाय. हातावरची चिकटपट्टी काढू देत नाही.