तुम्ही विचारलंत म्हणून: गोंडीत शिकलं तर मूल मराठीत मागे पडेल का?

गडचिरोलीच्या एखाद्या गावात ग्रामसभेने शाळेत लक्ष घालायचं ठरवलं की हा प्रश्न पहिल्याच बैठकीत निघतो. बाहेरचे लोक विचारतात तसे आईबापही विचारतात: "गोंडी तर घरी आहेच. शाळेतही गोंडीच, मग मराठी येणार कुठून?" प्रश्न अगदी रास्त आहे. तहसीलचा कागद मराठीत येतो, दवाखान्यात मराठी लागते. ती भाषा आपल्या लेकराला चांगली यावी असं वाटण्यात चूक काहीच नाही.

उत्तर असं, की मूल मागे पडत नाही. त्याची मराठी उलट पक्की होते. पण गोंडीचं काम नीट झालं तरच. अर्धवट केलं तर मूल दोन्ही भाषांत अडखळतं, आणि मग दोष गोंडीच्या माथी येतो.

वाचायला माणूस एकदाच शिकतो. अक्षर म्हणजे आवाज, आवाज जुळले की शब्द, शब्दाला अर्थ, ही गोष्ट एका भाषेत उमगली की दुसऱ्या भाषेत ती नव्याने शिकावी लागत नाही. पण उमगायला शब्द ओळखीचा हवा. पहिलीतल्या गोंड मुलाने 'घर' हा शब्द जोडून वाचला आणि त्याला तो माहीतच नसला, तर हाती काही लागत नाही. 'रोन' वाचलं की डोळ्यांसमोर घर उभं राहतं. गोंडी ही मराठीची बोली आहे असा समज अजूनही पुष्कळ ठिकाणी आहे. तसं नाही. ती तेलुगू-कन्नडच्या द्राविडी कुळातली भाषा आहे आणि २०११च्या जनगणनेत तिचे २९ लाखांहून जास्त बोलणारे नोंदलेले आहेत. तिचं व्याकरण वेगळं आहे. 'तो आला' म्हणजे 'ओर वातोर', आणि 'ती आली' व 'ते आलं' या दोन्हींसाठी 'अद वाता'. स्त्रीसाठी आणि वस्तूसाठी एकच रूप. म्हणून आला-आली-आलं यात मूल घोटाळतं तेव्हा ते मंद नसतं, आपल्या व्याकरणाने नेटकं चालत असतं. हे शिक्षकाला माहीत असलं तर लाल शाईच्या निम्म्या खुणा थांबतात.

सुरुवात पुस्तकापासून करू नये, घरोघर फिरण्यापासून करावी. दोन माणसांनी दोन दिवस प्रत्येक टोल्यावर, म्हणजे वस्तीवर, जायचं आणि एकच विचारायचं: आजी या मुलाशी कोणत्या भाषेत बोलते? धानोरा-कोरचीकडे काही घरांत छत्तीसगढी किंवा हलबी निघते, भामरागड-एटापल्लीकडे माडिया. तीस मुलांत सहा मुलं छत्तीसगढी बोलणारी असतील तर वर्गात ती सहा नव्याने मुकी होता कामा नयेत. त्यांच्यासाठी त्यांच्या भाषेतलं एखादं मोठं माणूस आठवड्यातून तीनदा तरी हवं. शब्दही बदलतात. घराला कुठे 'रोन' म्हणतात, कुठे 'लोन'. कुठलं शुद्ध, यावर वाद घालू नका. शाळेच्या गावात जे म्हणतात ते लिहा, आणि दुसरं रूप फळ्याच्या कोपऱ्यात.

मग लिपी. गोंडीसाठी स्वतंत्र लिप्या आहेत: मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८मध्ये तयार केलेली, आणि तेलंगणात आदिलाबादकडच्या गुंजाळा गावातल्या हस्तलिखितांत सापडलेली. दोन्हींना आता युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक-मोबाइलवरच्या अक्षरांच्या सामायिक यादीत, जागा मिळाली आहे. त्या शिकवाव्यात, अभिमानाने शिकवाव्यात, पण तिसरी-चौथीत. पहिलीत देवनागरीच घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे, कारण शिकलेली अक्षरं मुलाला तशीच मराठीत नेता येतात. लिपीच्या वादात गावाची दोन वर्षं गेली तर तेवढ्यात पहिलीची दोन तुकड्या मुलं वाचनाविना पुढे सरकतात.

अक्षरांचा क्रम मात्र क-ख-ग-घ असा ठेवू नका. ख, घ, थ, भ यांसारखे महाप्राण, म्हणजे 'ह' मिसळलेले आवाज, मूळ गोंडी शब्दांत क्वचितच येतात. पहिल्याच आठवड्यात ती अक्षरं घोटून घेतली तर मुलाकडे त्यांचा एकही शब्द नसतो. र, म, य, न ही चार घ्या, सोबत ए, आ, ओ, ई. एवढ्यावर येर (पाणी), मरा (झाड), रोन (घर), नई (कुत्रा) वाचता येतात. आठवड्याला दोन नवी अक्षरं पुरे. महाप्राण दुसरीत, मराठी शब्दांबरोबरच यावेत.

वाचायला पुस्तकं गावातच तयार होतात, पण इथेच सगळ्यात जास्त बिघडतं. पद्धत साधी आहे. आजीची किंवा गायत्याची (गावच्या पुजाऱ्याची) पाच मिनिटांची गोष्ट मोबाइलवर रेकॉर्ड करा. ऐकून जशीच्या तशी लिहा. मग तिची आठ पानं करा, पानावर एकच वाक्य, चार ते सहा शब्दांचं. चित्रं पाचवी-सहावीच्या मुलांकडून. छापण्याआधी तीन वेगवेगळ्या टोल्यांवरच्या तीन माणसांना वाचून दाखवा आणि जिथे त्यांचा चेहरा अडला ते वाक्य बदला. बिघडतं ते असं, की लिहिणारा शिकलेला तरुण नकळत गोष्ट 'सुधारतो': मराठी शब्द घालतो, वाक्याची ठेवण मराठी करतो, शेवटी तात्पर्य चिकटवतो. दुसरी चूक म्हणजे पाठ्यपुस्तकाचं ओळीला ओळ भाषांतर. त्यात शब्द गोंडी असतात पण बोलणं कुणाचंच नसतं. वर्षाला अशा पंधरा-वीस छोट्या पुस्तिका झाल्या तरी पहिली-दुसरीला पुरतात.

आता मराठी. ती पहिल्या दिवसापासून हवी, पण तोंडी. पहिलीत रोज साधारण एक तास: खेळ, सूचना, गाणी, वस्तूंची नावं. दुसरीत मराठी बोलणं वाढवा आणि शेवटच्या चार महिन्यांत मराठी वाचन सुरू करा. तिसरीत अर्धं-अर्धं. चौथी-पाचवीत मराठी जास्त, पण गोंडीचा रोजचा एक तास बंद करायचा नाही. पुष्कळ ठिकाणी घसरण तिसरीत होते, कारण जूनमध्ये एका दिवसात सगळं मराठी करून टाकतात.

आणि एक सवय मोडायलाच हवी: प्रत्येक मराठी वाक्य बोलून लगेच त्याचं गोंडी करून सांगणं. दिसायला ही मदत वाटते. पण पंधरवड्यात मुलांना कळतं की मराठी ऐकायची गरज नाही, मागून गोंडी येतेच आहे. त्याऐवजी तासाचे तीन भाग पाडा: दहा मिनिटं गोंडीत विषयाची ओळख, वीस मिनिटं फक्त मराठी, हावभाव आणि वस्तू दाखवून, शेवटी दहा मिनिटं गोंडीत 'काय कळलं ते सांग'. शिक्षकाला गोंडी येत नसेल तर पहिली आणि शेवटची दहा मिनिटं गावातल्या माणसाची.

हा गावातला माणूस म्हणजे अख्ख्या कामाचा कणा. बहुधा बारावी झालेली, गावात राहणारी मुलगी; ती लग्न होऊन दुसरीकडे गेली तरी मागे कुणीतरी तयार असेल अशी व्यवस्था हवी. म्हणजे एक नाही, दोन माणसं घडवायची. त्यांना फुकट राबवू नका. सेवाभावावर पहिला पावसाळा निघतो. तेंदू, म्हणजे विडीच्या पानांची तोडणी, सुरू झाला की माणूस कामावर जातो, जाणारच. महिना सहा हजार धरले तर दहा महिन्यांचे साठ हजार होतात. ग्रामसभेकडे तेंदू किंवा बांबूचे पैसे वर्षातून एकदा येतात, म्हणून आल्या दिवशी वर्षभराचं मानधन वेगळ्या खात्यात टाका, बाकीचा हिशोब नंतर. पेसा क्षेत्रातल्या (आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याखालच्या) ग्रामपंचायतींना २०१५पासून मिळणारा पाच टक्के अबंध निधी, म्हणजे गावाने स्वतः ठरवून वापरायचे पैसे, शिक्षणावरही खर्च करता येतो, फक्त तो वार्षिक आराखड्यात ग्रामसभेने आधी लिहून मंजूर केलेला असावा लागतो.

गणिताचं सामान बाहेरून आणू नका. महाराष्ट्रात तेंदूचा एक पुडा सत्तर पानांचा, भाव शंभर पुड्यांवर. फळीवर, म्हणजे तेंदू जमा करण्याच्या जागी, बापाचे पुडे मोजले जातात तेव्हा चौथीतलं मूल शेजारी उभं असतं. शंभर पुड्यांत पानं किती, तीनशे चाळीस पुड्यांचे पैसे किती, फळीवरच्या मुन्शीने (कारकुनाने) वीस पुडे खराब म्हणून काढले तर किती गेले? हा हिशोब येणारं मूल घरच्यांच्या उपयोगी पडतं, आणि त्या दिवसापासून शाळेबद्दल बापाला वेगळं समजवावं लागत नाही.

वेळापत्रकाचंही तसंच. मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल पहाटे गळतं आणि मुलं वेचायला जातात. त्या दिवसांत सकाळची शाळा ठेवणं म्हणजे रिकामे बाक मोजणं. शिक्षण हक्क कायदा पाचवीपर्यंत वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास मागतो. ते कोणत्या दिवसांत भरायचे ते बसून ठरवता येतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली, ती याच समजेतून.

कायद्याचं थोडक्यात. सरकारी शाळा आहे तिथे ती सोडू नका. शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. ती समिती ग्रामसभेत बसून निवडा, मग वरचं बहुतेक सगळं त्याच शाळेत करता येतं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९मध्ये शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवा असं लिहिलेलं आहेच. स्वतंत्र शाळा काढायची तर मान्यता आधी. कलम १८खाली विनामान्यता शाळेला एक लाखापर्यंत दंड आणि पुढे रोज दहा हजारांपर्यंत आहे. धानोरा तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेने २०१९मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली, तिला मान्यतेवरूनच नोटीस आली आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. इतकी धडाडी दाखवणाऱ्या गावाची शक्ती कोर्टात खर्च व्हावी, याचं मनापासून वाईट वाटतं.

तुमच्या गावात हे जमतंय की नाही, ते दुसरीच्या शेवटी बघता येतं. मुलाने कधी न पाहिलेली गोंडी पुस्तिका त्याच्या हातात द्या, मोठ्याने वाचू द्या. मग ती मिटून तीच गोष्ट मराठीत सांगायला सांगा. आला-आलीचे घोटाळे मोजू नका. त्याने पाच-सहा वाक्यांत गोष्ट शेवटापर्यंत नेली, तर तिसरीत मराठीचं पुस्तक निश्चिंत मनाने हातात द्या. वाचताच आलं नाही तर अक्षरांवर परत या. वाचलं पण सांगता आलं नाही, तर रोजचा मराठी बोलण्याचा तास नुसता वेळापत्रकात आहे, वर्गात होत नाहीये. पुढच्या सोमवारी जाऊन त्या तासाला मागे बसा.