मुकादम नसलेली टोळी

“पण त्यातला मुकादम कोण?” मिळून काम करणाऱ्या लहान रोबोटांच्या थव्याबद्दल बोललो की हा प्रश्न येतोच. संभाजीनगरला वर्गात पोरं ‘लीडर’ म्हणतात. गावी, केजकडं गेलो की चुलते मुकादम म्हणतात. मला चुलत्यांचाच शब्द बरा वाटतो. ऊसतोडीची उचल कुणाला द्यायची, टोळी कुठल्या कारखान्यावर न्यायची, हे ठरवायला एक माणूस लागतो, हे बीड जिल्ह्यात कुणाला शिकवावं लागत नाही.

तर सांगतो. मुकादम नसतो.

२०१४ साली हार्वर्डमध्ये राधिका नागपाल, मायकेल रुबेन्स्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यानं १०२४ रोबोटांचा थवा चालवून दाखवला. एकेक जेमतेम तीन सेंटिमीटरचा, काड्यांसारख्या तीन पायांवर थरथरत सरकणारा. शेजारचे कोण आणि किती अंतरावर, एवढंच त्याला कळतं. तेवढ्यावर त्यांनी तारामाशाचा आकार धरला. हे ऐकून चुलते म्हणाले, “अन् आकार कुणी सांगितला?” बरोबर पकडलं. आकार माणसांनी आधीच भरून दिला होता, सुरुवात कुठून करायची त्या खुणेचे चार रोबोटही माणसांनीच मांडले होते. ते कामाचं वाटप झालं, ठरवणं नाही.

ठरवणं पाहायचं तर मधमाश्यांकडं जावं लागतं, रोबोटवालेही तिथंच गेले. आपलं आग्या मोहोळ उघड्यावर लटकतं, ते सोडा. पोकळीत घर करणाऱ्या युरोपीय माश्यांवर आधी मार्टिन लिंडावर आणि नंतर थॉमस सीली या अभ्यासकांनी वर्षानुवर्षं काम केलं. मोहोळ फुटून वेगळं झालं की हजारो माश्या फांदीला घोस करून बसतात आणि त्यातल्या काहीशे नव्या घरासाठी स्थळ पाहायला जातात. पोकळी चाळीसेक लिटरची हवी, तोंड लहान हवं. परत आलेली माशी नाचून पत्ता सांगते. स्थळ चांगलं असेल तर जास्त फेऱ्या, बेताचं असेल तर कमी.

मला सगळ्यात आवडते ती पुढची गोष्ट. नाच पाहणारी माशी तो नाच तसाच पुढं नाचत नाही. ती स्वतः जाऊन पोकळी बघते, मग आपल्या मतानं नाचते. शिवाय दर खेपेला प्रत्येकीचा नाच कमी कमी होत जातो, स्थळ कितीही चांगलं असलं तरी. दुसऱ्या स्थळाची माशी येऊन डोक्यानं ढुशी मारते, म्हणजे ‘बस कर’. आणि सगळ्यांचं एकमत होण्याची कुणी वाट पाहत नाही. एका स्थळावर एका वेळी वीस-तीस जणी जमल्या की ठरलं. (आमच्या भावकीच्या वाटणीला अकरा वर्षं लागली.)

२०२१ मध्ये शेफील्ड आणि ब्रसेल्सच्या संशोधकांना रोबोटांच्या थव्यात आणखी एक गंमत दिसली. लांबवर सगळ्यांशी बोलू शकणारा थवा जुन्या मताला चिकटून राहतो, मोजक्या शेजाऱ्यांशी बोलणारा थवा नवी चांगली जागा दिसल्यावर तिकडं वळतो. कारण साधं आहे. नवी जागा आधी एखाद्यालाच दिसते, आणि सगळे सगळ्यांचं ऐकत असले की त्या एकट्याचा आवाज बुडतो.

म्हणून ‘मुकादम नको’ म्हणजे आपोआप शहाणपण, असं मी म्हणत नाही. आमच्या शिवारात एकाच्या बोअरला पाणी लागलं. पंधरवड्यात आणखी सहा बोअर झाले. कुणी हुकूम दिला नव्हता, ज्यानं त्यानं आपापलं ठरवलं. सातवा आमचा. पाणाड्यानं नारळ हातावर धरून जागा दाखवली, पैसे मी पाठवले. मी, वर्गात माश्या शिकवणारा! साडेसहाशे फुटांपर्यंत नुसती धूळ निघाली.

गेल्या मे महिन्यात धाकट्या भावाचा फोन आला, बांधाकडं आणखी एक घेऊ म्हणून. मी विचारलं, “पहिल्या बोअरवर तू स्वतः जाऊन पाहिलंस का, मोटर किती वेळ चालते?” पाहिलं नव्हतं. संध्याकाळी जाऊन आला. वीस मिनिटांत पाणी तुटतंय म्हणाला.