एवढी शुद्ध हवा, तरी दमा?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. दर मे महिन्यात आणि दर गणपतीत मुंबई-पुण्याहून आलेलं कुणी ना कुणी आमच्या पडवीत बसतं, छाती भरून श्वास घेतं आणि माझ्या हातातला पंप बघून म्हणतं, "गुहागरात राहून दमा? एवढी शुद्ध हवा असून?" इतकी वर्षं मी चहा ठेवायला म्हणून आत निघून जायचे. आता उत्तर देते.

किनाऱ्यावरची हवा चांगली आहे, मान्य. संध्याकाळी वाळूत गेले की मलाही मोकळं वाटतं. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात धूर, धूळ, परागकण कमीच. पण मी वाळूत राहत नाही, घरात राहते. मागे नारळी-पोफळीची वाडी, भर दुपारीसुद्धा तिथे जमिनीला ऊन लागत नाही. मृग लागला की चपलांवर, पुस्तकांवर, कपाटातल्या साड्यांवर बुरशी धरते. ओले कपडे माजघरात वलणीवर, सरपण पडवीत रचलेलं. गाद्या-गोधड्यांत डोळ्यांना न दिसणारे धूलिकीटक असतात. ते पाणी पीत नाहीत, हवेतला ओलावा शोषून जगतात, आणि आमच्याकडे ओलाव्याला तोटा नाही. पावसाळ्यात गाद्या उन्हात घाला म्हणतात. कुठल्या उन्हात?

पाऊस नसतो तेव्हा धूर असतो. शिमग्याच्या आगेमागे भाजावळ सुरू होते, कवळ-पातेरा-शेण पसरून शेतं भाजतात. गॅस आला तो स्वयंपाकाला. आंघोळीचं पाणी अजून न्हाणीच्या चुलीवरच तापतं, नारळाची सोडणं आणि झावळ्या घालून. दम्यात श्वासनलिका आतून सुजलेल्या असतात, आपल्याला बरं वाटत असतं तेव्हासुद्धा. त्यात यातलं काही नाकात गेलं की भोवतीचे स्नायू आवळतात, आत चिकट कफ साचतो. आत गेलेली हवा बाहेर पडायला अडते. समुद्र दोन मिनिटांवर असला काय आणि दोनशे मैलांवर असला काय.

गौरी आल्या त्या रात्रीचं सांगते. घर माणसांनी भरलेलं. पाहुण्यांसाठी माळ्यावरच्या गाद्या काढून झटकलेल्या, देवासमोर धूप आणि कापूर. मी आरतीला अंगणात उभी होते. "देवाच्या धुरानं कुणाला काही होत नाही," असं कुणीतरी मला ऐकू जाईल इतपत मोठ्यानं म्हणालं. मध्यरात्रीनंतर जाग आली ती बसूनच. पंप घेतला, स्पेसर म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, ती लावून पुन्हा घेतला. थोडं सैल झालं, परत आवळलं. नुसतं 'पाणी' म्हणायला मधे थांबावं लागत होतं. वीज गेलेली. सगळे जमले, कुणी बाम चोळतंय, कुणी वारा घालतंय. छातीतली घरघर शेजारच्या खोलीत ऐकू जात होती.

मग ती थांबली. सासूबाई म्हणाल्या, "बसला गं बाई आवाज. आता लागेल डोळा." सगळ्यांच्या जिवात जीव आला. दोघं-तिघं झोपायलासुद्धा गेली.

मला बरं वाटत नव्हतं. घरघर येते ती अरुंद झालेल्या नळीतून हवा वाहते म्हणून. वाहणारी हवाच उरली नाही की आवाज बंद होतो. हे मला नंतर कळलं. त्या वेळी एवढंच कळत होतं की ही माणसं चुकीच्या गोष्टीवर सुटकेचा श्वास टाकताहेत आणि मला ते सांगता येत नाही. मी मुलीचं मनगट धरलं आणि सोडलं नाही. तिनं बॅटरी माझ्या नखांवर धरली, ती निळसर दिसली तशी ओरडली, "बाबा, गाडी काढा!" शृंगारतळी, मार्गताम्हाणे, चिपळूण. साधारण ४५ किलोमीटर, वरून पाऊस. डॉक्टरांनी पाठीला स्टेथोस्कोप लावला, दोन्ही बाजूंनी ऐकलं आणि एक शब्द न बोलता ऑक्सिजन लावला. औषधाची वाफ दिली, शिरेतून स्टेरॉइड दिलं. उजाडताना छाती पुन्हा घरघरू लागली. माझे यजमान घाबरले, तर डॉक्टर म्हणाले, "आवाज येतोय ना? हवा चाललीय." तेव्हा ते बाकावर बसून रडले.

सासूबाईंवर माझा राग नाही. त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं. राग येतो तो 'शुद्ध हवे'चा, कारण तिच्या पुढचं वाक्य मला ठाऊक आहे: हवा चांगली, मग दोष हिच्यातच, मनाचे खेळ असतील. ते ऐकून मी स्वतःही तसं मानत आले होते.

आणि पंपाची सवय लागते म्हणतात, तशी ती लागत नाही. सकाळ-संध्याकाळचा पंप सूज दाबून ठेवण्यासाठी आहे, बरं असलं तरी घ्यायचा आणि नंतर चूळ भरायची. दम लागल्यावरचा निराळा, साल्बुटामॉलचा. त्याचे दोन फवारे म्हणजे २०० मायक्रोग्रॅम. त्याच औषधाची ४ मिलिग्रॅमची गोळी याच्या वीसपट, तरी गोळी सगळ्यांना सौम्य वाटते आणि पंप जहाल. कोजागिरीच्या दुधातलं औषध, हैदराबादला जिवंत माशातून गिळायला देतात ते औषध, सगळं मला सुचवून झालंय.

गाव सोडलं की दमा सुटेल, असं मीही म्हणायचे. एका हिवाळ्यात भावाकडे पुण्याला राहिले. थंडी आणि गाड्यांचा धूर यांनी रात्री उठवून बसवलं. बघ, नाही ना सुटला, असं मी त्या वेळच्या मला सांगते. ती म्हणते, एका हिवाळ्यावरून ठरवू नकोस, पावसाळ्यात राहून बघितलंस का? यावर मला उत्तर नाही. वाडी आहे, सासूबाई आहेत, आणि मला इथेच राहायचंय. यातलं कारण कुठलं आणि सबब कुठली, तेही सांगता येत नाही.

यंदा धाकट्याला पावसात रात्रीचा कोरडा खोकला लागलाय. त्याला चिपळूणला दाखवायला नेणार आहे. गणपतीला या, पडवीत बसा, हवा खा. त्याच्यासमोर तेवढं हे विचारू नका.